काडी आधी की फुली

क्रेगीबर्न, १४ जून २०२५

प्रिय मावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि शेजारच्या काकूंना मध्ये घालून विचारण्यासारखं हे नाही, म्हणून ईमेल करतेय.

आई येऊन तीन आठवडे झाले. इथे जूनमध्ये हिवाळा, त्या थंडीला शिव्या घालत दोन स्वेटर चढवून घरभर फिरते. मी ठीक आहे, सातवा महिना संपत आला. पण काल अपॉइंटमेंटला मिडवाइफने रक्तदाब मोजला आणि पट्टा काढल्यावर दंडावर भलामोठा निळा डाग उमटला. तिने तो निरखला. म्हणाली, तुला पाळीत जास्त रक्त जायचं का? दात काढला तेव्हा त्रास झाला होता? घरात कोणी रक्तस्रावाने गेलंय का?

मी "नो" म्हणून टाकलं. ट्रेनमध्ये बसले आणि यतिनमामा आठवला. एकोणीस वर्षांचा होता ना? आईला विचारलं, तर म्हणाली, "झाडावरून पडला. मी लहान होते, मला आत्याकडे पाठवलं होतं." एवढंच. मावशी, तू तिथे होतीस. मामा कसा गेला?

तुझी,
चारुता

*

फलटण, १९ जून २०२५

चि. चारुता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्या शिवणक्लासमधल्या मुलीने टॅबवर उघडून दिलं. वाचायला मात्र मी तिला बाहेर पाठवलं. बाळंतपणाच्या दिवसांत असले विचार डोक्यात आणू नयेत. यतिन स्कूटरवरून पडला. डोक्याला मार लागला. बेचाळीस वर्षं झाली त्याला, आता ते उकरून काय मिळणार?

डागाला खोबरेल लाव. डिंकाचे लाडू नीरजाबरोबर दिलेत, ते आपला जावई सिद्धार्थ एकटाच संपवेल, लपवून ठेव. दुपट्यांना मऊ मलमल घ्या, कडा उलटून शिवा, बाळाला शिवण टोचता कामा नये.

तुझ्या आईला, नीरजाला, यतिनबद्दल काही विचारत बसू नकोस. तिला त्रास होतो.

मावशी

*

क्रेगीबर्न, २० जून

मावशी,

आई म्हणते झाड, तू म्हणतेस स्कूटर. आजोबांकडे आयुष्यभर एक सायकल होती, हे तूच मला सांगितलंयस.

मुलगा आहे. आम्ही कोणालाच सांगणार नव्हतो, पण तुला सांगते, कारण मिडवाइफने फोन करून पुन्हा हाच प्रश्न विचारला. म्हणाली, तुझ्या आईच्या माहेरच्या पुरुषांबद्दल विचार. खास पुरुषांबद्दल.

सकाळपासून घराला फेऱ्या मारतेय. सिद्धार्थची मीटिंग चालू असते, तो हाताने बस बस करतो. मला बसवत नाही. काय झालं होतं ते लिही.

चारुता

*

फलटण, २७ जून २०२५

चि. चारुता,

आठवडाभर लिहितेय आणि पुसतेय.

यतिनची दाढ काढली होती. बस, तेवढंच. लहानपणापासून त्याचे गुडघे सुजायचे, आम्हाला वाटायचं वात आहे, आई लेप लावायची. दाढ काढली आणि रक्त थांबेना. पहिल्या दिवशी आम्ही हसत होतो त्याच्या सुजलेल्या गालाला. तिसऱ्या दिवशी त्याला पुण्याला हलवलं, तिथून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. तिथे रक्त तपासायला घेतलं. सहाव्या दिवशी तो गेला. शुद्धीत होता. मला म्हणाला, "ताई, उशी बदल, ओली झालीय."

रिपोर्ट तो गेल्यावर आठ दिवसांनी पोस्टाने आला. समजावून सांगायला कोणी नव्हतं. बाबा दूधसंघात कारकून, त्यांनी एकट्यांनीच तो वाचला. म्हणाले, रक्त गोठवणाऱ्या घटकांना नंबर असतात, आपल्या यतिनला अकरा नंबरचा घटक कमी होता. मग इथल्या एका डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, अकरा नंबर असेल तर बाकीच्यांनी फार घाबरायचं कारण नाही. बाबांनी कागद पेटीत ठेवला आणि घरात सांगितलं, यतिन झाडावरून पडला असंच सर्वांनी म्हणायचं. स्कूटर मी घाबरून लिहून गेले. दोन मुली उजवायच्या होत्या. रक्तात दोष आहे म्हटल्यावर उंबऱ्यात कोण येणार?

नीरजा तेव्हा अकरा वर्षांची. तिला खरंच माहीत नाही. आता तू दिवस भरत आलेली, तिथे ती तुझ्याजवळ. तिला सांगू नकोस, एवढं माझं ऐक.

तुमच्या डॉक्टरांना सांग, घटक अकरा.

मावशी

*

क्रेगीबर्न, ४ जुलै

प्रिय मावशी,

सांगितलं. रक्ताच्या डॉक्टरांकडे पाठवलं त्यांनी. माझा घटक अकरा तपासला. नॉर्मल आला. सिद्धार्थने वाटेत गाडी थांबवून मला जिलेबी खाऊ घातली आणि आईला आम्ही सांगितलं की सहज लाँग ड्राइव्हला गेलो होतो.

पण डॉक्टर खूश नव्हते. म्हणाले, अकराची कमतरता बहुतेक सौम्य असते. धडधाकट मुलगा दाढ काढल्यावर सहा दिवसांत जातो हे त्यात नीट बसत नाही. बाकीचे घटकही तपासू, पण तो मूळ कागद कुठे असेल तर मला बघायचाय.

मावशी, पेटी तुझ्याकडेच आहे ना? कागदाचा फोटो पाठव. क्लासमधल्या मुलीला नको सांगायला, टॅबच्या मागच्या बाजूला कॅमेरा आहे, गोल काळा ठिपका.

चारुता

*

क्रेगीबर्न, १२ जुलै

मावशी, आठ दिवस झाले. मी दर तासाला ईमेल उघडते. ऑफिसमधून सुट्टी घेतलीय आणि आता दिवसभर काही करायलाच नाही. वारा एवढा आहे की चालायला गेले तर श्वास लागतो, घरात बसले तर आई विचारते, "सारखी काय बघतेस त्यात?" बाळ लाथा मारतंय. तू रागावलीस का? कागद नसेल तर नाही म्हण. पण काहीतरी लिही.

*

फलटण, १६ जुलै २०२५

चि. चारुता,

कागद होता. मी पेटी उघडत नव्हते. चार दिवस तिच्यावर शिवणाचे गठ्ठे रचून ठेवले, म्हणजे काढायला नको.

आज काढला. फोटो जोडलाय, तिसऱ्या खेपेला नीट आला. वरचं इंग्रजी मला कळत नाही. मधोमध डॉक्टरांनी शाईने रोमन आकडा लिहिलाय, पुढे ३ टक्के. खाली बाबांच्या पेन्सिलीने: "एक आणि दहा, अकरा. घटक ११." दोनदा अधोरेखित केलंय त्यांनी. आता तरी खात्री झाली ना?

मावशी

*

क्रेगीबर्न, १६ जुलै, संध्याकाळ

मावशी,

कागद हातात घे आणि त्या आकड्याकडे नीट बघ. काडी आधी आहे की फुली? डावीकडे काय आहे?

माझ्या फोटोत काडी आधी आहे. IX.

रोमन आकडे आपल्यासारखे नसतात. त्यांच्यात एकक-दशकाची घरं नाहीत, शून्य नाही. सातच अक्षरं. I एक, V पाच, X दहा, L पन्नास, C शंभर, D पाचशे, M हजार. मोठं अक्षर डावीकडे आणि लहान त्याच्या उजवीकडे आलं तर मिळवायचं. XI म्हणजे दहा आणि एक, अकरा. पण लहान अक्षर मोठ्याच्या डावीकडे उभं असलं तर ते त्यातून वजा करायचं. IX म्हणजे दहातून एक कमी. नऊ. तसंच VI सहा आणि IV चार. LX साठ आणि XL चाळीस. तीच दोन अक्षरं, जागा बदलली की सगळं बदलतं.

आजोबांनी मिळवलं. तिथे वजा करायचं होतं.

मी डॉक्टरांच्या ऑफिसला फोन केला. बाईंनी फोटो त्यांना दाखवला आणि दहा मिनिटांत ते स्वतः बोलले. घटक नऊची कमतरता आईकडून मुलाकडे येते. बायका ती वाहून नेतात, त्यांना फारसं काही होत नाही, मुलांना होतं. मी वाहक असले तर बाळाला असण्याची शक्यता अर्धी. उद्या सकाळी पुन्हा रक्त द्यायचंय. पाच आठवडे उरलेत. बाळंतपणात बाळाला ओढून काढायला चिमटा किंवा पंप लावला तर बाळाच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून सगळं आधी ठरवायला हवं.

हे कळलं नसतं तर, एवढंच सारखं डोक्यात येतंय. पुढचं वाक्य मी पूर्ण करत नाही.

चारुता

*

फलटण, १८ जुलै २०२५

चि. चारुता,

दोन दिवस मी तेच करतेय. वहीच्या पाठकोऱ्या पानांवर रोमन आकडे. आधी वीसपर्यंत लिहिले. एकोणीस तीनदा चुकला, मी IXX लिहीत होते. मग कळलं, आधी दहा मांडायचा, मग नऊ: XIX. मग साल लिहून पाहिलं. हजार, मग हजारातून शंभर वजा म्हणजे नऊशे, मग साठ, मग चार. MCMLXIV. यतिन जन्मला ते साल. बरोबर आहे का? यतिन गेला ते साल खूप लांब होतं, MCMLXXXIII. एवढी अक्षरं लिहिताना प्रत्येक काडी बघत होते, चुकायला नको म्हणून.

बाबा हिशेबाला पक्के होते. दूधसंघात कोणी त्यांची चूक काढली नाही. हा कागद त्यांनी तसा का वाचला, नीट माहीत नव्हतं म्हणून की अकरा आलेलं सोसण्यासारखं होतं म्हणून, हे मला आता कोण सांगणार? मी त्यांच्या अकराशेजारी पेनाने ९ लिहिलं, सही केली, तारीख घातली. त्यांचं खोडलं नाही.

आता जे तुला सांगायचं नव्हतं ते. मला अकराचं कधी पटलंच नाही. आईचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना ओठ फुटून गेला होता. आई त्याचं नाव घेताना यतिनकडे बघायची. कपडा उसवला की तो कुठून उसवलाय ते मी आधी बघते. मला दिसत होतं की हे आईकडून येतंय. म्हणून मला बघायला आलेल्या प्रत्येकात मी खोट काढली. एक बुटका, एकाचं घर लांब. फलटणात सगळे म्हणायचे, सुनेत्राला गर्व आहे. म्हणू दिलं.

पण नीरजाला मी सांगितलं नाही. बाबा म्हणाले अकरा, डॉक्टर म्हणाले घाबरू नका, आणि लग्न ठरल्यावर ती तर नाचत होती. तुझ्या वेळी तिला दिवस राहिले तेव्हा नऊ महिने मला अन्न गोड लागलं नाही. मुलगी झाली म्हणून फोन आला तेव्हा मी पेढे वाटले. लोकांना वाटलं, मावशीला भाचीचं केवढं कौतुक.

मावशी

*

क्रेगीबर्न, २५ जुलै

मावशी,

माझा घटक नऊ फक्त चौतीस टक्के आहे, निम्म्याहून कमी. मी वाहक आहे. ८ ऑगस्टला सिझेरियन ठरलं. नाळेतून बाळाचं रक्त घेऊन लगेच तपासतील, निकाल येईपर्यंत त्याला दंडात-मांडीत सुई टोचणार नाहीत.

आणि आईला कळलंय. मी सांगितलं नाही. दुपट्यासाठी नमुना शोधायला तिने माझा आयपॅड घेतला आणि तुझा फोटो समोर आला. मी स्वयंपाकघरात होते. तिने हाक मारली नाही. मी बाहेर आले तर ती तो फोटो बोटांनी मोठा करून बघत होती.

"हा अकरा बाबांचा आहे," म्हणाली. "त्यांच्या एकाला वर अशी गाठ असायची. कशाचा कागद हा?"

मी सगळं सांगितलं. काडी, फुली, मामा, मी, बाळ. मग तिने तुझं १८ तारखेचं पत्रही वाचलं. मी आयपॅड काढून घेणार होते, तिने माझा हात बाजूला केला.

म्हणाली, "म्हणून ताईने लग्न केलं नाही."

मग स्वेटर चढवून बाहेर गेली. मी मागे जाऊ लागले तर म्हणाली, "तू बस. मी येते." रस्त्याच्या टोकाला नवी घरं बांधताहेत, तिथपर्यंत जाऊन परत आली, पुन्हा गेली. मी खिडकीतून बघत होते. चार फेऱ्या झाल्या. तेव्हापासून घरात ती फक्त भाजी कोणती करू एवढंच बोलते.

चारुता

*

क्रेगीबर्न, २८ जुलै २०२५

ताई,

तुझ्यावर एवढी रागावले आहे की हे चौथ्यांदा लिहितेय.

माझं लग्न ठरलं तेव्हा तू माझ्या साडीला फॉल लावत होतीस. मी शेजारी बसून बडबडत होते. आपण दोघीच होतो खोलीत. तेव्हा बोलली असतीस. मी कदाचित ऐकलं नसतं, लग्न केलंच असतं. पण ठरवलं मी असतं. तू माझ्यासाठी ठरवलंस, स्वतःसाठीही तूच ठरवलंस, आणि मला वाटत राहिलं की ताईला माणसं आवडत नाहीत. मी तुला तसं बोललेही आहे, एका दिवाळीला, सगळ्यांसमोर. ते आठवलं की मला इथे बसवत नाही.

एक काम कर. आपल्या मालतीची आई आणि आपली आई सख्ख्या बहिणी. मालतीच्या स्वरदाचं लग्न ठरलंय, डिसेंबरात आहे. तिला कोण सांगणार? मी इथून फोनवर सांगणार नाही. तू बारामतीला जा. कागद घेऊन जा.

नीरजा

*

क्रेगीबर्न, १४ ऑगस्ट

प्रिय मावशी,

बाळ आलं. तीन किलो दोनशे. सिद्धार्थ म्हणतो त्याच्यासारखा दिसतो, आई म्हणते अजून कोणासारखाच दिसत नाही.

घटक नऊ: तीन टक्के.

मामाच्या कागदावर होता तोच आकडा. डॉक्टर म्हणाले, एका घराण्यात साधारण तेवढाच असतो. मी रडले नाही, कारण मला आधीच माहीत आहे असं वाटत होतं. आई रडली. मग डॉक्टरांना तिने सिद्धार्थकरवी पन्नास प्रश्न विचारले. गुडघे सुजले तर काय, पडला तर काय, दात आले तर काय. प्रत्येकाला उत्तर होतं, मावशी. घटक नऊ बाटलीत मिळतो, शिरेतून देतात. आमच्या फ्रिजमध्ये ठेवायला देणार आहेत, द्यायला आम्हाला शिकवणार आहेत. पडेल, खेळेल, शाळेत जाईल. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कागद आणलात म्हणून आम्ही तयार होतो."

त्याच्या रक्तातला नेमका बदल कोणता तेही शोधताहेत. तो रिपोर्ट आला की पाठवते, स्वरदाला लागेल. तू बारामतीला गेलीस का? आई रोज विचारते. तुझ्याशी बोलत नाही, पण विचारते.

चारुता

*

फलटण, १९ ऑक्टोबर २०२५

चि. चारुता,

एवढे दिवस नुसतं "पोचलं, ठीक आहे" लिहीत होते. आज सगळं लिहिते.

बारामतीला ऑगस्टअखेर गेले. मालतीने चहा ठेवला, मी चहा व्हायच्या आत सांगून टाकलं, नाहीतर जमलं नसतं. मालती भडकली. "लग्न तोंडावर आलंय आणि तू हे घेऊन आलीस? चाळीस वर्षं गप्प होतीस, अजून चार महिने राहायचंस." मी चप्पल घालायला उठले. स्वरदा म्हणाली, "मावशी, बसा. मला दाखवा."

तिला मी कागद दाखवला. काडी आणि फुली समजावली. ती हुशार आहे, मला म्हणाली, "हे मला शाळेत होतं." मग तिने तिथेच, आईसमोर शंतनूला फोन लावला, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला. संध्याकाळी तो आला. ऐकून घेतलं आणि गेला. दोन दिवस फोन नाही. मालतीने माझ्याशी बोलणं टाकलं, मी त्यांच्याकडेच राहिले, कारण स्वरदा जाऊ देईना. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. पुण्याच्या लॅबची वेळ घेतलीय, म्हणाला.

तू पाठवलेला बाळाचा रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं गेलो. मालती आली नाही. स्वरदाचं रक्त घेतलं. सुईवाल्या मुलीने मला विचारलं, "आजी, तुम्ही सोबत आलात की तुमचंही घ्यायचंय?" मला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. मी बाही वर केली.

परवा निकाल आले, ते घ्यायला पुन्हा पुण्याला गेलो. स्वरदा वाहक आहे. शंतनूच्या घरी त्याने स्वतः सांगितलं. लग्न डिसेंबरातच आहे, मूल होण्याआधी डॉक्टरांना भेटायचं त्यांनी ठरवलंय. मालती अजून माझ्याशी बोलत नाही, पण पत्रिका आलीय.

माझ्यात ते नाही, चारुता. बाळाच्या रक्तात जो बदल सापडला तो माझ्यात नाहीच. लॅबच्या डॉक्टरांनी मला दोनदा समजावून सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं, कारण त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. प्रत्येक मुलीला अर्धी शक्यता असते. नीरजाला आलं, मला नाही आलं.

शंतनूने मला एसटीत बसवून दिलं. फलटण येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, काय बघितलं ते आठवत नाही. घरी येऊन क्लास घेतला. एका मुलीने ब्लाउजचा गळा उलटा कापला होता, तिला ओरडले, मग तिच्याकडून तो नीट करून घेतला. मुली गेल्यावर दार लावलं आणि जमिनीवर बसून राहिले. राग आला. कोणाचा ते कळेना, बाबांचा, माझा. पासष्टाव्या वर्षी एवढा राग कुठे ठेवायचा असतो?

तू हे नीरजाला सांगू नकोस. लपवायला म्हणत नाही. ती सोमवारी मुंबईला उतरून थेट इकडे येणार असं तिने कळवलंय, दोन ओळींत, पण मला कळवलंय. मी स्टँडवर घ्यायला जाईन. आधी तिला जेवायला घालीन, मग समोर बसवून मीच सांगेन.

मावशी